बाहेरचे किडे सरड्याला द्यायचे का? द्यायचेच असतील तर असे द्या

बिअर्डेड ड्रॅगन नाहीतर लेपर्ड गेकोसारखा सरडा पाळला की कधीतरी त्याच्या खाण्यासाठी घरात ठेवलेले रातकिडे संपतात आणि नेमका तेव्हाच बाहेर एखादा गलेलठ्ठ नाकतोडा दिसतो, मग वाटतं जंगलात हे असलंच तर खातात. खातात, पण जंगलातल्या सरड्यांच्या पोटात जंतही असतात, ते आपल्याला दिसत नाहीत इतकंच. माझं विचाराल तर घरी वाढवलेलेच किडे बरे. तरीही द्यायचेच असतील तर हे करा.

१. किडा ओळखा. ओळखता आला नाही तर सोडून द्या, विषय संपला. काजवा तर चुकूनही नको, त्याच्या काही जातींच्या अंगात ल्युसिबुफॅजिन नावाचं विष असतं जे थेट हृदयावर जातं, एका काजव्याने चांगला मोठा बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची उदाहरणं आहेत. भडक रंगाचे किडे, केसाळ अळ्या, रुईसारख्या चिकाच्या झाडावरच्या पट्टेरी अळ्या, गोम, गांधीलमाशी, हे सगळं बाद.

२. जागा बघा. फवारणी होते तिथलं काही नको, आणि शेजाऱ्याने काय मारलंय हे तुम्हाला कुठे माहीत असतं? घरातली झुरळं तर नकोच, ती कुठलं जेल चाटून आलीत देव जाणे.

३. भोकं पाडलेल्या डब्यात गाजराची चकती टाकून किडे एक-दोन दिवस ठेवा. उताणा पडून नुसते पाय झाडत असेल तर बहुतेक औषध लागलंय, फेकून द्या. पण टुणटुणीत दिसला म्हणजे सेफ असं नाही हां, जंत काही डब्यात ठेवून जात नाहीत.

४. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. नाकतोड्याचे मागचे काटेरी पाय काढा, वर कॅल्शियम पावडर भुरभुरवा कारण किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. एकेकच द्या आणि उरलेला लगेच उचला, रातकिडा रात्रभर टाकीत राहिला तर झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतो.

५. अधूनमधून ताजी विष्ठा डॉक्टरकडे नेऊन तपासून घ्या. सरडा बारीक होत चालला, पातळ शी करतोय किंवा खाणं सोडलंय तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या आणि कुठला किडा दिला होता तेही सांगा.