गाडी आपोआप ब्रेक मारते: कधी, आणि कधी नाही

कराडला आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. पूर्वी माझ्याकडे क्लच सोडताना गाडी बंद पाडणारी मंडळी यायची. आता वीस-वीस वर्षं गाडी चालवलेले काका-मामा नवी गाडी घेऊन दारात उभे राहतात. "मॅडम, ही मध्येच स्वतः ब्रेक मारते, बंद कुठून करायचं तेवढं दाखवा." डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या पोराने पेढे, फोटो आणि ब्लूटूथ उरकलेलं असतं. ॲडास, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या या यंत्रणा, त्यांच्याबद्दल फक्त "लेव्हल टू आहे सर" एवढंच कानावर पडलेलं असतं.

बंद करू नका. आधी ते काय करतं ते समजून घ्या. त्यासाठी अर्धा तास काढा आणि गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल, नाहीतर कंपनीच्या ॲपमध्ये सापडेल.

पहिलं म्हणजे "लेव्हल टू"ची भुरळ काढून टाका. या पायऱ्या अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने ठरवल्या आहेत, शून्यापासून पाचापर्यंत. लेव्हल टू म्हणजे गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही एकाच वेळी सांभाळायला मदत करते, पण रस्त्याकडे बघायचं काम पूर्णपणे तुमचं. आणि गंमत अशी की, आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक, म्हणजे एईबी, त्या हिशोबात लेव्हल शून्यात मोडतो, कारण तो क्षणभर येतो आणि जातो. तेव्हा लेव्हलचा आकडा मोठा म्हणून ब्रेक चांगला, असं समजायचं काही कारण नाही. सेल्समनला लेव्हल विचारू नका. समोर गाडी असताना ब्रेक किती वेगापर्यंत लागतो, माणूस असताना किती, आणि मोटरसायकल ओळखतो का, हे विचारा. उत्तर येत नसेल तर मॅन्युअल उघडा, तिथे किलोमीटरचे आकडे छापलेले असतात. माणसासाठीची वेगमर्यादा बहुतेक गाड्यांत समोरच्या गाडीसाठीच्या मर्यादेपेक्षा कमी असते, हे वाचून बरेच जण चमकतात.

हे सगळं आता महागड्या गाड्यांपुरतं राहिलेलं नाही. व्होल्व्होने एक्ससी ६० मध्ये २००८ साली शहरातल्या कमी वेगासाठी असा ब्रेक दिला, तेव्हा ती परदेशातली चैन वाटायची. आपल्याकडे २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने तो घराघरातल्या चर्चेत आणला, आणि २०२४ च्या अखेरीस होंडाच्या नव्या अमेझमध्ये, वरच्या मॉडेलला का होईना, तो आला. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एईबी सक्तीचा आहे.

आता गाडीचे डोळे शोधा. एक कॅमेरा पुढच्या काचेच्या आत, आरशाच्या मागे असतो. तो बघतो आणि ओळखतो: ही कार, हा माणूस, ही पांढरी रेघ. दुसरा डोळा म्हणजे रडार. ते सहसा पुढच्या जाळीत किंवा बंपरच्या खालच्या भागात एका साध्या, गुळगुळीत काळ्या चौकटीमागे बसवलेलं असतं. वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे, हे त्याला नेमकं कळतं, पण ती वस्तू काय आहे हे फारसं कळत नाही. काही गाड्यांत दोन्ही असतात, काहींत फक्त कॅमेरा. होंडाच्या आपल्याकडच्या सिटी, एलिव्हेट, अमेझ या कॅमेऱ्यावर चालतात. फक्त कॅमेऱ्याच्या गाडीला समोर धुकं आलं किंवा मावळतीचं ऊन थेट काचेवर आलं की जास्त अडचण होते, एवढं लक्षात असू द्या.

आणि आता आपल्या घरचा विषय. नवी गाडी आली की पूजा होणारच, व्हावीच. पण त्या काळ्या चौकटीवर हळदीकुंकवाचं जाड स्वस्तिक काढू नका, त्यावर झेंडूचा हार लोंबू देऊ नका. दसऱ्यानंतर आठवडाभर जाळीला हार बांधून फिरणाऱ्या गाड्यांत "रडार ब्लॉक्ड" असा मेसेज येतो आणि लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला धावतात. हार बॉनेटवर घाला, स्वस्तिक बॉनेटच्या मधोमध काढा, देवाला चालतं. काचेवर आरशाच्या भोवती "श्री"चा स्टिकर नको, फास्टॅगही कॅमेऱ्यासमोर नको. बंपरपुढे लोखंडी गार्ड तर नकोच. तो २०१७ पासून नियमातही बसत नाही. पावसाळ्यात मातीच्या रस्त्याने शेतावर जाऊन आलात की परतताना हायवेला लागण्याआधी ओल्या फडक्याने काच आणि चौकट दोन्ही पुसा.

ब्रेक नेमका कसा लागतो ते आता सांगते, कारण इथेच जास्त गैरसमज आहेत. गाडी एकदम ब्रेक मारत नाही. समोरच्याशी अंतर झपाट्याने कमी होताना दिसलं की आधी मीटरवर लाल खूण आणि टीं-टीं. तुम्ही काही केलं नाहीत तर हलका ब्रेक, एक झटका दिल्यासारखा. तरीही काही नाही, तर जोरात. हे सगळं जेमतेम दोन सेकंदांत घडतं.

आता वेगाचं गणित बघा. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर पूर्ण ब्रेक मारला तरी १०० वरून थांबायला साधारण ४८ ते ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ते सहज ७५ च्या वर जातात. ब्रेक लागला म्हणजे गाडी थांबणारच, असं नाही. ऐंशीच्या वेगात असताना धडक टळली नाही, पण वेग चाळिशीवर आला, तर धडकेतली ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. एअरबॅग आणि बेल्ट यांना निभावता येईल इतका वेग उरला, तरी या ब्रेकने आपलं काम केलं. टायर गुळगुळीत झाले असतील तर हा ब्रेकही त्याच टायरवर लागतो. दीड लाख ॲडासवर खर्च करून टायर बदलायला टाळाटाळ करणारे गिऱ्हाईक मला दर सिझनला भेटतात.

टीं-टीं झालं की तुम्ही काय करायचं? ब्रेक पेडल पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. पायाखाली थरथर जाणवेल, तो एबीएस आहे, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पाय उचलू नका. घाबरून ॲक्सिलरेटर दाबलात किंवा स्टिअरिंग जोरात फिरवलंत, तर बऱ्याच गाड्या असं समजतात की मालकाने निर्णय घेतला आहे, आणि स्वतःचा ब्रेक सोडून देतात. आणखी एक. गाडी स्वतः थांबली तर ती बऱ्याच मॉडेलमध्ये दोनेक सेकंदच थांबून राहते, मग ब्रेक सुटतो. उतारावर असाल तर ती पुढे सरकेल. गाडी थांबली म्हणून सुस्कारा सोडून पाय काढायचा नाही.

आता जिथे हा ब्रेक उपयोगी पडेलच असं नाही, त्या जागा. आमच्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखाने पेटतात. रात्री हायवेवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे लोंबतोय, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. चालत्या ट्रॉलीचा वेगही माणूस सायकल मारेल तेवढा. पंक्चर झाली तर तीच ट्रॉली लेनमध्येच उभी, मागे दोन दगड आणि एक झाडाची फांदी.

रडारला रस्त्यावर हजारो थांबलेल्या वस्तू दिसतात: पुलाचा कठडा, फलक, डिव्हायडर. प्रत्येकाला ब्रेक मारत बसली तर गाडी चालवताच येणार नाही. म्हणून जोरात जाताना न हलणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत या यंत्रणा सावध असतात, कॅमेऱ्यानेही "ही गाडीच आहे" असं सांगावं लागतं. आणि कॅमेरा शिकलेला असतो तो गाडीच्या मागच्या बाजूचा ठरावीक आकार, दोन दिवे, नंबर प्लेट. युरो एनकॅप, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरोपातली संस्था, या ब्रेकची चाचणी घेते ती कार, चालणारा माणूस, सायकलस्वार आणि मोटरसायकल यांच्या पुतळ्यांवर. उसाची ट्रॉली त्या चाचणीत नाही. आडवी बैलगाडी नाही, रस्त्यात बसलेली म्हैस नाही. नवी यंत्रणा काही वेळा ट्रॉली ओळखेलही, पण त्या भरवशावर रात्री कासेगाव-पेठनाका पट्ट्यात शंभरने जायचं नाही. हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग. हा नियम माझ्या आजोबांच्या ॲम्बॅसिडरलाही लागू होता.

अचानक शेजारच्या लेनमधून घुसणारी बाइक, उभ्या एसटीच्या पुढून धावत येणारं पोरगं, वळणावर अर्धवट दिसणारी गाडी, ही दुसरी जागा. समोरची वस्तू आधी दिसायला हवी, मग ती ओळखायला वेळ हवा. चार मीटरवर कोणी उडी मारली तर कुठलीही गाडी भौतिकशास्त्र बदलू शकत नाही.

मग गावात, आमच्या कोल्हापूर नाक्यासारख्या ठिकाणी, जो तो कटरसारखा घुसतो तिथे काय करायचं? इथेच लोक वैतागून सगळं बंद करतात. त्यापेक्षा सेटिंगमध्ये जा. बहुतेक गाड्यांत इशारा कधी द्यायचा याचे "लवकर", "मध्यम", "उशिरा" असे पर्याय असतात. गावात उशिरा ठेवा. आवाज कमी करा. एईबी चालू राहू द्या. तो बंद करून ठेवला तरी बऱ्याच गाड्यांत पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की परत चालू होतो, आणि ते चांगलंच आहे. मात्र ईएससी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, कुणी हौसेने बंद केली तर तिच्यासोबत काही गाड्यांत एईबीही बंद पडतो. ते बटण कुठे आहे ते बघून ठेवा, आणि मुलाच्या हाती किल्ली देताना त्याला सांगा.

अचूक ब्रेक लागतो की नाही हे बघायला मोकळ्या मैदानावर कार्डबोर्डचा खोका उभा करणारे व्हिडिओ बघितलेत? करू नका. खोका माणूस नाही, कॅमेरा त्याला ओळखणार नाही, आणि तुम्ही "आपली यंत्रणा बिघडली" म्हणत बसाल. घरातलं माणूस उभं करून बघणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे समोरच्या गाडीशी अंतर राखत वेग सांभाळणारी सोय, आणि लेनची मदत, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या मध्ये ठेवणारा लेन असिस्ट, हे सोयीचे भाग, जीव वाचवण्यापेक्षा थकवा कमी करणारे. यांना मात्र रस्ता बघून चालू-बंद करायचं. समृद्धीवर, जिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे आणि ७०१ किलोमीटरचा बराचसा सरळ रस्ता आहे, तिथे क्रूझ छान चालतो. पण सरळ रस्त्यावर गाडी सगळं करते म्हटलं की डोळे जड होतात, म्हणून स्टिअरिंगवरचे हात हलवत राहा आणि दर दीड-दोन तासांनी उतरा. पुणे-बंगळूर रस्त्यावर सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाची कामं चालू असलेल्या जागी जुन्या पट्ट्या, नव्या पट्ट्या, वळणरस्त्याच्या पिवळ्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात. लेन असिस्टला कुठली खरी ते कळत नाही, स्टिअरिंग उगाच ओढतं. तिथे तो बंद. खंबाटकीत क्रूझही बंद, कारण वळणात समोरची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटली की आपली गाडी रस्ता मोकळा समजून वेग घेते.

क्रूझमधलं अंतर सर्वांत मोठं ठेवा, असं पुस्तक सांगतं. आपल्याकडे त्या मोकळ्या जागेत पिकअप घुसतो, गाडी ब्रेक मारते, मागचा चिकटलेला टेम्पो तुमच्या डिकीत येतो. म्हणून मी मधलं अंतर ठेवायला सांगते आणि आरशात बघत राहायला. मागचा फार जवळ असेल तर क्रूझ बंद करा, त्याला जाऊ द्या.

लेनचा इशारा सतत वाजतोय? नव्वद टक्के वेळा इंडिकेटर न देता लेन बदलणं हे कारण असतं. इंडिकेटर दिला की तो गप्प बसतो. आमच्या वर्गातल्या पोरांना वर्षभर ओरडून जे जमलं नाही ते या टीं-टींने एका महिन्यात जमवलं, हे मान्य करते.

खर्चाचा भाग. पुढची काच फुटली तर बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवणं, करावंच लागतं, तो काही मिलिमीटर वाकडा बसला तरी पुढे ऐंशी मीटरवर त्याचा नेम शेजारच्या लेनमध्ये जातो. बिलावर कॅलिब्रेशनची वेगळी ओळ आहे का ते बघा, आणि विम्याच्या क्लेममध्ये ते धरलं आहे का ते काच बदलायच्या आधी विचारा. बंपरला डेंट आला आणि गल्लीतल्या पेंटरने वर जाड पुट्टी लावून रंग मारला, तर त्यामागचं रडार बिघडल्यासारखं वागतं. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतही ब्लाइंड स्पॉटचे, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेवर लक्ष ठेवणारे, रडार असू शकतात, रिव्हर्स घेताना भिंतीला घासलेली जागा तीच.

जुनी ॲडासवाली गाडी घेत असाल तर काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का बाकीच्या काचांशी जुळतो का बघा, म्हणजे काच बदलली आहे का ते समजेल. बदलली असेल तर कॅलिब्रेशनचा कागद मागा. मग दिवसा, मोकळ्या हायवेवर, स्पष्ट पट्ट्या असलेल्या जागी वीस मिनिटं चालवा. लेन पकडते का, क्रूझमध्ये समोरच्या गाडीची खूण मीटरवर येते का, आणि एखादा पिवळा इशारा पेटून राहतो का, एवढं पाहा. मालक म्हणाला "तो लाइट असाच लागतो, काही होत नाही", तर किमतीवर पुन्हा बसा.