घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवण्याआधी

बेळगावसारख्या वाढत्या शहरात घराजवळ जागा नसलेल्या घोडेमालकाला आपला घोडा महिना ठरवून दुसऱ्याच्या पागेत ठेवावा लागतो. पागा निवडताना बहुतेक जण दर आणि अंतर एवढेच पाहतात. परंतु मालक आठवड्यातून फार तर दोन-तीन वेळा येणार आणि उरलेला सारा वेळ घोडा मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकराच्या, हाती राहणार असतो. म्हणून पागेच्या मालकाशी बोलण्याआधी मोतद्दाराशी बोलावे. तो तिथे किती वर्षे आहे, एकट्याकडे किती घोडे आहेत, रात्री पागेतच झोपतो की गावात घरी जातो, आणि तो रजेवर गेला की चंदी (घोड्याचा दाणा) कोण घालतो, हे त्यालाच विचारावे. नालबंदाचेही मत घ्यावे, कारण तो परिसरातील साऱ्या पागांमध्ये फिरतो आणि कोणत्या घोड्याचे खूर किती महिने हातात घेतले गेले नाहीत, हे त्याला ठाऊक असते. चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी आळंदीला चालत जातात. त्या भागात घोड्याची पारख असलेली वडीलधारी माणसे अजून भेटतात आणि विचारले तर मनापासून सांगतात.

पागा किमान दोनदा पाहावी. पहिल्यांदा सांगून जावे, दुसऱ्यांदा न सांगता, शक्यतो संध्याकाळच्या चंदीच्या वेळी. आपल्याला दाखवलेला घोडा सोडून कोपऱ्यातल्या घोड्याकडे पाहावे. मोतद्दार जवळ येताच घोडे कान मागे पाडतात का, मागच्या पायांवर पिछाडीच्या दोरीचे व्रण आहेत का, रोज खरारा (ब्रशने अंग घासणे) होतो की पाहुणे येणार म्हणून आजच झाला, हे थोडा वेळ शांतपणे उभे राहिले की दिसते. प्रत्येक घोड्याला सुमारे १२ फूट लांब आणि तितकेच रुंद ठाण (बांधण्याची जागा) असावे, म्हणजे त्याला मोकळेपणाने वळता आणि आडवे होता येते. ठाणात गुडघ्याएवढे खाली वाकून श्वास घ्यावा. मुताचा उग्र वास तिथे झोंबत असेल, तर बसलेल्या घोड्याच्या फुप्फुसात रात्रभर तेच जाते. दिवसातून काही तास मोकळे फिरायला आवार आहे की नाही, हेही पाहावे.

पावसाचा विचार आपल्या जिल्ह्यात तालुक्यागणिक बदलतो. खानापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा मुसळधार पाऊस असल्यामुळे जमीन उंच आणि निचऱ्याची हवी, नाहीतर सतत ओल्या लिदीत उभे राहून खुराच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भाग कुजतो आणि त्याला काळपट, दुर्गंधीयुक्त स्राव सुटतो. अथणीकडे पत्र्याखालच्या उन्हाळ्याची काळजी अधिक, म्हणून तिथे छपराची उंची आणि झाडांची सावली पाहावी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठची जागा असेल, तर २०१९च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आले होते आणि त्या वेळी जनावरे कुठे हलवली, हे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना ज्याला उंचवट्यावरच्या ठरलेल्या जागेचे नाव सांगता येत नाही, त्याच्याकडे पावसाळ्यात घोडा ठेवू नये.

सर्वांत जास्त वेळ वैरणीच्या कोठीत घालवावा. सुमारे ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण ६ ते ८ किलो सुका चारा आणि २० ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात याहूनही अधिक. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेले खराब अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नसल्यामुळे चाऱ्यातील हलगर्जी थेट पोटशुळावर येते. आपल्याकडे मका मुबलक आणि स्वस्त, म्हणून तो चंदीत सर्रास मिसळला जातो. परंतु बुरशी लागलेल्या मक्यातील विषाने घोड्याच्या मेंदूला इजा होऊन तो दगावू शकतो, तेव्हा पोत्यात हात घालून तळाचे दाणे काढून पाहावेत आणि वास घ्यावा. गाळप हंगामात उसाचे वाढे (हिरवे शेंडे) जवळजवळ फुकट मिळतात. थोडे चालतील, पण महिनोन्‌महिने मुख्य वैरण म्हणून वाढे किंवा नेपियर गवत घातले, तर त्यातील ऑक्झलेटमुळे शरीराला कॅल्शियम मिळत नाही आणि हाडे कमकुवत होतात. कडबा आणि साधे वाळलेले गवत यांचा साठा दिसलाच पाहिजे. जिथे म्हशी किंवा कोंबड्याही पाळल्या जातात, तिथे त्यांचे खाद्य वेगळ्या, बंद खोलीत असावे. त्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध असते आणि गुरांना सोसणारी त्याची मात्रा घोड्याचा जीव घेते. एवढ्या एका कारणासाठी मी एखादी पागा नाकारायला सांगेन.

आरोग्याच्या बाबतीत एक खूण विश्वासार्ह आहे: आपल्या घोड्याची कागदपत्रे पागेवाला स्वतःहून मागतो का? न मागणारा माणूस उद्या दुसऱ्याचा आजारी घोडाही तसाच आत घेईल. धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला त्याने मागितलाच पाहिजे. ग्लँडर्सवर लस नाही, तो माणसालाही होतो आणि बाधित घोडा जिवंत ठेवता येत नाही. या रोगाच्या तपासणीचे देशातील मुख्य केंद्र हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधण्याची सोय असावी, आणि सरा हा रोग चावणाऱ्या माश्यांमधून पसरत असल्याने लिदीचा ढीग ठाणापासून दूर असावा.

करार लेखी करावा आणि तो कन्नडमध्ये असल्यास सही करण्यापूर्वी जाणकाराकडून शब्दशः वाचून घ्यावा. दरात चंदी, नालबंदी आणि औषधपाणी यांपैकी काय धरले आहे, आपल्या परवानगीशिवाय घोड्यावर कोणी बसणार नाही आणि तो वरातीला दिला जाणार नाही, हे त्यात यावे. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी साळले जातील, अशी अटही घालावी. आपला फोन न लागल्यास पशुवैद्यकाला कोण बोलावील आणि किती खर्चापर्यंत न विचारता उपचार सुरू करील, हे तर आकड्यासह लिहावे, कारण पोटशुळात एक-दोन तासांच्या उशिराने घोडा हातचा जातो. मोतद्दाराला निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि शरीराचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते, हे माहीत आहे का, आणि पागेत थर्मामीटर आहे का, तेही पाहावे.

घोडा नेण्याच्या दिवशी त्याची नेहमीची वैरण आणि चंदी किमान दहा दिवस पुरेल एवढी सोबत न्यावी, नवी वैरण त्यात रोज थोडी थोडी वाढवावी, आणि पहिल्या आठवड्यात घोड्याने किती खाल्ले, किती पाणी प्याला आणि लीद किती वेळा टाकली, हे मोतद्दाराकडून रोज फोनवर विचारून वहीत लिहून ठेवावे.