द्राक्षबागेतल्या जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते? आधी मीटर लावा

ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की निफाड-दिंडोरी पट्ट्यातले छोटे ट्रॅक्टर माझ्याकडे एकाच तक्रारीने येतात: सकाळी सेल्फ उचलत नाही. तोवर बहुतेकांनी नवी बॅटरी बसवलेली असते आणि तीही उतरलेली असते. माझं सांगणं आहे की मीटर लावल्याशिवाय बॅटरीवर एक रुपया घालू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला 12.6 व्होल्ट असतील तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढची मापं फसवतात.

आता चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे. जुन्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला, सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही गप्प बसतो, आणि एवढ्याशा बल्बपायी लोक अल्टरनेटर खोलून टाकतात. बेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालाय का, तेही बघा.

इंजिन निम्म्या रेसवर ठेवा. बॅटरीवर 13.8 ते 14.4 आले पाहिजेत. 15 च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. कमी असतील तर अल्टरनेटरमागच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि त्याच्या बॉडीवर मीटर लावा. तिथे 14 आणि बॅटरीवर 12.8 असतील तर अल्टरनेटर ठणठणीत आहे, दोष वाटेत आहे.

बागेत हा दोष बहुधा अर्थिंगमध्येच, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला जोडते तिथे, सापडतो. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद ब्लोअरच्या तुषाराबरोबर चासीवर बसतो आणि लोखंड खातो. तार वरून चांगली दिसते, थिंबलच्या (तारेच्या टोकाच्या कडीच्या) आत हिरवी झालेली असते. हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरं अल्टरनेटरच्या बॉडीवर ठेवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिन बंद करून निगेटिव्ह तार काढा, अर्थिंगचा बोल्ट सोडा आणि लोखंड चमकेपर्यंत घासा. थिंबल हिरवं असेल तर नवं बसवा. बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावा. आधी लावू नका. पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजा: बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंटा ते अल्टरनेटरचा जाड तारेचा बोल्ट.

चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून चार्जिंग बघू नका, कुणालाही बघू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर आणि डायोड (अल्टरनेटरमधले, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

अल्टरनेटरच्या बोल्टवरच 14 येत नसतील तर त्यातले कार्बन (ब्रश) झिजले असण्याची शक्यता मोठी. ते वेगळे मिळतात. इंजिन चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड गेलाय. सकाळी बंद ट्रॅक्टरचा अल्टरनेटर हाताला कोमट लागला तरी तेच समजा: रात्रभर करंट उलटा जातोय. दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळी निगेटिव्ह तार काढून ठेवा.