'फेसबुकने लॉग इन करा' हे बटण दाबण्यापूर्वी

नवी पेठेत खरेदी केली, तर पिशवीत काय आहे हे आपण सांगितल्याशिवाय घरी कळत नाही. ऑनलाइन खरेदीत मात्र तशी खात्री देता येत नाही. फेसबुकने नोव्हेंबर 2007 मध्ये 'बीकन' ही सोय सुरू केली, तेव्हा इतर संकेतस्थळांवरील खरेदीची बातमी वापरकर्त्याच्या मित्रांना आपोआप दिसू लागली आणि एका गृहस्थाने पत्नीसाठी गुपचूप घेतलेली अंगठी तिला भेट मिळण्याआधीच कळली. खटला झाला आणि 2009 मध्ये बीकन बंद पडले, परंतु माहितीची देवाणघेवाण थांबली नाही, ती केवळ पडद्याआड गेली.

म्हणून फेसबुकच्या सेटिंग्जमधील 'अकाउंट्स सेंटर' उघडून, इतर ॲप आणि संकेतस्थळांनी आपल्याविषयी पाठवलेल्या माहितीची यादी एकदा सावकाश वाचावी. (गड्ड्याच्या यात्रेत काढलेला फोटो सजवण्यासाठी एकदाच वापरलेले ॲपही तेथे भेटू शकते.) जुनी नोंद पुसता येते आणि पुढची माहिती खात्याशी जोडू नये असेही सांगता येते, ही दुसरी पायरीच अनेकांकडून राहून जाते. 'फेसबुकने लॉग इन करा' हे बटण दाबून खात्याशी जोडलेली ॲप वेगळ्या यादीत असतात. तेथून ॲप काढले तरी त्याने आधी घेतलेली माहिती त्याच्याकडेच राहते, त्यामुळे ती पुसण्याची विनंती त्या ॲपकडे स्वतंत्रपणे करावी.