माध्यमं आणि चालू घडामोडींचा अभ्यासक्रम कॉलेजात कसा चालवावा: कोकणातल्या प्राध्यापकांसाठी

चालू घडामोडींचा तास म्हटलं की बहुतेक वर्गांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर नेमणुका, पुरस्कार आणि दिनविशेष पाठ केले जातात, नाहीतर दिल्लीच्या राजकारणावर वाद रंगतो आणि बेल वाजते. दोन्हींत विद्यार्थी बातमीच्या मुळाशी पोचत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या कॉलेजांना एक सोय आहे, जी मोठ्या शहरातल्या वर्गाला सहज मिळत नाही. जिल्हा पानावर आलेल्या बऱ्याच बातम्यांचं ठिकाण एसटीने गाठता येतं, आणि ज्याचं म्हणणं छापून आलंय तो माणूसही बऱ्याचदा वर्गातल्या कुणाच्या तरी ओळखीतला असतो. म्हणून अभ्यासक्रमाची सुरुवात जिल्हा पानापासून करा. राष्ट्रीय बातमी तपासण्याची सवय तिथूनच लागते.

वेळापत्रक आधी, पाठ्यक्रम नंतर

दोन श्रेयांकांचा थिअरीचा विषय म्हणजे 30 तास. कागदावर ते पंधरा आठवड्यांत बसतात, पण कोकणातलं पहिलं सत्र तसं चालत नाही. प्रवेशप्रक्रियेमुळे प्रथम वर्षाचा वर्ग स्थिरावायला जुलैचा मध्य उजाडतो, अतिवृष्टीच्या सुट्ट्या पडतात, आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की गौरीविसर्जनापर्यंत वर्ग रिकामा. हाती बारा-तेरा आठवडे धरूनच आखणी करा. आठवड्याला सुटे दोन तास घेण्यापेक्षा सलग दोन घ्या; बातमी वाचून, फोडून, पुन्हा लिहायला एक तास पुरत नाही. हा तास दिवसाच्या शेवटी ठेवू नका. लांबच्या वाडीतल्या मुलांचं लक्ष शेवटच्या गाडीकडे असतं, आणि गाडी चुकली तर दुसरी नसते.

बाहेरचं काम ऋतू पाहून लावा. मासेमारीबंदी साधारणपणे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते. या काळात हर्णै किंवा मिरकरवाडा बंदराला जाऊन माशांचा लिलाव दिसणार नाही, पण बोटी ओढलेल्या आणि खलाशी मोकळे असल्यामुळे मुलाखतींना वेळ उत्तम. लिलावाचा वृत्तांत लिहायचा तर नारळी पौर्णिमेनंतर जा. ग्रामसभेचं वार्तांकन 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या आसपास लावा.

सामान

वर्तमानपत्रं विकत घेण्याची गरज नाही. ग्रंथपालांना सांगा, मागच्या दोन महिन्यांचे अंक रद्दीत देऊ नका. एक स्थानिक दैनिक, एका मोठ्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती आणि मुंबईचा एक अंक, असे तीन प्रकार मिळाले की काम भागतं. दोघांमागे एक फाईल, एक वही, तीन रंगांची पेनं. मोबाइल दोघांत एक पुरे. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक घ्या आणि त्याला स्पंजची टोपी असेल हे बघा, कारण किनाऱ्यावर टोपीशिवाय रेकॉर्डिंग केलं तर वाऱ्याच्या घरघरीखाली माणसाचा शब्द ऐकू येत नाही. मुलाखतीआधी फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन उत्तराच्या वेळी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. बाहेर पडताना विद्यार्थ्यांनी कोरडी पिशवी आणि शिसपेन्सिल न्यावी. पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते.

पहिले तीन आठवडे: बातमी रंगवणं

प्रत्येक जोडीला एक बातमी द्या. जे कागदपत्र, मोजमाप किंवा प्रत्यक्ष पाहणीवर उभं आहे ते हिरव्या पेनाने, जे कुणीतरी म्हटलंय ते निळ्याने, आणि जे बातमीदाराचं स्वतःचं मत किंवा विशेषण आहे ते लाल पेनाने अधोरेखित करायचं. पहिल्या दिवशी हमखास एक चूक होते: तहसीलदार, आमदार किंवा अभियंता बोलला की मुलं ते हिरव्यात टाकतात. अधिकाऱ्याचं म्हणणं हेही म्हणणंच, त्यामुळे ते निळ्यात जातं. तो फरक पक्का बसेपर्यंत पुढे सरकू नका. तीन आठवडे गेले तरी चालतील, कारण पुढचा सगळा अभ्यासक्रम यावरच उभा आहे.

त्यानंतर पट्टी घेऊन एक जिल्हा पान मोजायला लावा. जाहिरात, प्रेसनोट, जागेवर जाऊन केलेली बातमी आणि बाहेरगावाहून आलेली बातमी, अशी चार खाती करून प्रत्येकाची जागा चौरस सेंटिमीटरमध्ये काढायची. प्रेसनोट ओळखण्याची खूण सोपी आहे: एकाच दिवशी तीन अंकांत तेच वाक्य, त्याच क्रमाने. याच तासाला तालुका प्रतिनिधीच्या कामाचं अर्थकारण सांगा. अनेक ठिकाणी बातमी पाठवणाऱ्यालाच जाहिरातीही आणाव्या लागतात, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांची पुरवणी ज्याच्याकडून मिळते त्याच्याविरुद्ध लिहिणं अवघड होतं. हे कळलं की मुलं बातमीदाराला नावं ठेवायची थांबतात आणि पान नीट वाचायला लागतात.

पावसाची बातमी

पहिल्या सत्रात याहून चांगलं साहित्य नाही, रोज ताजं मिळतं. हवामान विभागाच्या मोजणीत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति जोरदार आणि 204.5 पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. ही मोजणी सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांची असते. हे आकडे फळ्यावर लिहून ठेवा आणि जिल्ह्यातल्या पावसाच्या पाच बातम्या वाचा. चार चुका सापडतील.

‘रेड अलर्ट’ हा इशारा असतो, पडलेला पाऊस नव्हे; बातमीत दोन्ही एकाच वाक्यात मिसळलेले दिसतात. जिल्ह्याची सरासरी आणि एका महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा, आकडा यांची गल्लत होते. सकाळच्या आकड्याला ‘आज पडलेला पाऊस’ म्हटलं जातं, प्रत्यक्षात त्यातला बराचसा कालचा असतो. आणि ‘ढगफुटी’. हवामान विभागाच्या लेखी ढगफुटी म्हणजे लहानशा क्षेत्रावर एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. दिवसभरात 250 मिलिमीटर पडला म्हणून ती ढगफुटी ठरत नाही, आणि तासागणिक नोंद करणारं पर्जन्यमापक यंत्र जवळ नसेल तर ती झाली असं ठामपणे लिहिताही येत नाही. ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द का वापरला जातो आणि तो नेमकं काय लपवतो, यावर अर्धा तास द्या.

दावा आणि दप्तर

सत्राच्या मध्यावर एक मोठं प्रकरण घ्या आणि त्यावर चार आठवडे घालवा. चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर यासाठी फार उपयोगाचा. पुराचं कारण काय, यावर तेव्हा अनेक दावे झाले: अतिवृष्टी, खाडीची भरती, धरणाचं पाणी, वाशिष्ठी नदीतला गाळ, पात्रालगतची बांधकामं. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे धरणाचा प्रश्न इथे नुसता अफवा म्हणून उडवता येत नाही आणि पुराव्याशिवाय मान्यही करता येत नाही.

वर्गाचे पाच गट करा, प्रत्येकाला एक दावा. गटाने दावा खरा की खोटा हे ठरवायचं नाही. तो तपासायला कोणतं दप्तर, म्हणजे कोणती सरकारी नोंद, लागेल आणि ते कोणत्या कार्यालयात असतं, हे शोधायचं. पावसाच्या गटाने हवामान विभागाची आणि महसूल मंडळाची नोंद, भरतीच्या गटाने त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक, धरणाच्या गटाने विसर्गाची तासवार नोंद, गाळाच्या गटाने नदीच्या छेदांची (पात्राच्या रुंदी-खोलीची) जुनी-नवी मोजणी, बांधकामाच्या गटाने पूररेषेचा नकाशा. मग सगळ्यांनी मिळून एकच मोठा तक्ता करायचा: डावीकडे घड्याळाच्या वेळा, समोर त्या वेळी पाऊस किती, भरती कुठवर, विसर्ग किती, शहरात पाणी कुठपर्यंत. जिथे आकडा मिळाला नाही तो रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. रिकाम्या रकान्यांना गुण द्या. नाहीतर मुलं ते कुठल्या तरी वेबसाइटवरून भरून आणतात.

यातच माहितीच्या अधिकाराचा अर्ज शिकवून होतो. मात्र अर्ज प्रकरण सुरू होण्याआधी, सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच टाका, कारण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो. 10 रुपयांचं शुल्क, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ‘पाणी का सोडलं?’ असं विचारलं तर अर्ज वाया जातो, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा नाही. ‘अमुक तारखेच्या विसर्ग नोंदवहीच्या पानांची प्रत मिळावी’ असं लिहा. अर्ज कॉलेजच्या नावे नको, व्यक्तीच्या नावे हवा. विद्यार्थ्याचं नाव आणि घरचा पत्ता कार्यालयात जाणं गावात त्रासाचं ठरू शकतं, म्हणून अर्जदार प्राध्यापकांनीच व्हावं, हा आमचा आग्रह आहे. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील.

फॉरवर्ड आलेला व्हिडिओ

पावसाळ्यात कोसळत्या दरडीचे आणि वाहून जाणाऱ्या गाड्यांचे जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरतात. तपासणीचा क्रम ठरवून द्या. आधी व्हिडिओतली तीन-चार स्थिर चित्रं काढून गूगल लेन्सवर टाकायची. मग दुकानाच्या पाट्यांची भाषा, गाड्यांचे नंबर, एसटीचा रंग, विजेचे खांब, डोंगराची रेषा बघायची. जागा ओळखली की नकाशावरच्या फोटोंशी जुळवायची. शेवटी त्या गावातल्या माणसाला फोन. वर्गात कुणाचा तरी मामा तिथे असतोच, आणि हा पुरावा कुठल्याही ॲपपेक्षा लवकर मिळतो. मात्र मामाने स्वतः पाहिलं की त्यालाही व्हॉट्सॲपवर आलं, हे विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

उलटी चूकही शिकवा. 2024 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर फिरणाऱ्या मगरीचा व्हिडिओ अविश्वसनीय वाटावा असाच होता, आणि तो खरा होता. दिसायला अशक्य म्हणून ‘फेक’ शिक्का मारणं हा न तपासण्याचाच प्रकार.

गाव, नाती आणि कायदा

ग्रामसभेच्या वार्तांकनाला कुणालाही स्वतःच्या गावी पाठवू नका. सरपंच चुलता निघतो, किंवा भाऊबंदकीतला दावा चालू असतो, आणि बातमीची वाट लागते. जोड्यांची गावं बदला. जाण्याआधी गणपूर्तीचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा, नियम सांगा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. हजेरीपुस्तकातल्या सह्या आणि मोजलेली डोकी वेगळी भरली तर तीच बातमी.

प्रकल्पांच्या चर्चेत वर्ग दुभंगतो, कारण घरंच दुभंगलेली असतात. बारसूच्या रिफायनरीत जमीन, पाणी, मासेमारी, रोजगार आणि युनेस्कोच्या संभाव्य यादीतली कातळशिल्पं, हे सगळे प्रश्न एकत्र येतात. चर्चेचा नियम एकच ठेवा: बोलणाऱ्याने आधी विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा संदर्भासह मांडायचा, तो त्या बाजूच्या विद्यार्थ्याने मान्य केला की मगच स्वतःचं मत.

मुलाखतीतलं बोलणं मालवणी, आगरी किंवा संगमेश्वरी असेल तर अवतरणात तसंच ठेवा. पुस्तकी मराठीत आणताना अर्थ सरकतो, आणि माणसाला आपलंच बोलणं ओळखू येत नाही. निवेदन तेवढं प्रमाण मराठीत.

कायद्याच्या जुन्या नोट्स बदला. 1 जुलै 2024 पासून बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्याला कलम 72 ची मनाई आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम 23 आणि बालन्याय कायद्याचं कलम 74. कोकणातल्या छोट्या वस्तीत नाव गाळणं पुरत नाही. वाडीचं नाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळेची इयत्ता एवढं छापलं की सगळ्या पंचक्रोशीला मुलगी कोण ते कळतं. म्हणून अशा बातमीत तालुक्याच्या खाली जायचंच नाही.

गुण आणि प्रसिद्धी

पन्नास गुणांत वीस गुण सत्रभराच्या नोंदवहीला द्या. एका जोडीने एकच विषय धरायचा: महामार्गाचं काम, वानर-माकडांचा उपद्रव, एलईडी दिव्यांच्या उजेडात होणारी मासेमारी, पाणीटंचाईचे टँकर, ग्रामीण रुग्णालयातली रिक्त पदं. दर आठवड्याला एक पान: नवं काय, कोण म्हणतं, कागद कोणता, अजून काय कळलेलं नाही. उरलेल्यांपैकी पंधरा गुण जागेवरच्या वृत्तांताला, दहा पडताळणीला, पाच तोंडीला. हल्ली मजकूर यंत्राकडून लिहून आणता येतो, त्यामुळे हाताने लिहिलेली टिपणं, त्यावर वेळ आणि ठिकाण, आणि तोंडीत टिपणातल्याच एका ओळीवर प्रश्न, हे सोडू नका.

लिहिलेलं छापलं गेलं पाहिजे. भित्तिपत्रक पंधरवड्याला एक काढा. दुसऱ्या सत्रात 6 जानेवारीचा विशेष अंक घ्या. ‘दर्पण’ हे मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 1832 मध्ये त्याच तारखेला निघालं आणि त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. तेव्हा मुलांना तिथे घेऊन जाणंही जमण्यासारखं आहे. भित्तिपत्रकात चूक गेली तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावायची.

सत्र संपल्यावर फायली मुलांना परत देऊ नका. विषय, गाव आणि तारीख अशी अनुक्रमणिका करून, पानांचे फोटो काढून, लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवा. खालच्या खणात ओल येते आणि बुरशी धरते. माहिती अधिकाराची बरीच उत्तरं परीक्षेनंतर येतात. ती कुणाच्या फाईलला जोडायची आणि पहिल्या अपिलाची तारीख कोणती, हे अनुक्रमणिकेतच लिहून पुढच्या तुकडीच्या जोडीच्या नावावर करा.