गुदाशयातली गाठ काढल्यावर : घरी जाण्याआधीची तयारी

गुदद्वारातून दुर्बिणीने गाठ काढली की पोटावर एकही टाका नसतो. लवकर घरी सोडतात आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे. बहुतेकांचं पुढेही सुरळीत होतं. पण टाके आत असतात, आणि गुदाशयाच्या वरच्या भागाला कातडीसारखी वेदना कळत नाही. आतली जखम उसवली तरी फारसं दुखेलच असं नाही. म्हणून नुसतं ‘दुखत नाही ना?’ विचारून भागत नाही.

डिस्चार्जआधी दोन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नकोत: रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख. रक्तस्राव आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो. पुसताना लागलेला पुसट डाग चालेल. ताजं रक्त वाहू लागलं, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. लघवीची नळी काढल्यावर लघवी नीट होईपर्यंत हॉस्पिटल सोडू नका.

घरात थर्मामीटर हवाच, पण तो काखेत किंवा तोंडात लावायचा. सर्जनला विचारल्याशिवाय एनिमा नको, सपोझिटरीही (गुदद्वारात ठेवायची गोळी) नको. ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला, ओटीपोट दुखू लागलं किंवा घाण वासाचा स्राव आला, तर लगेच फोन करा.

आता सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट. गेरहार्ड ब्यूस या जर्मन सर्जनने 1980च्या दशकात ही पद्धत आणली तेव्हापासून आतली जागा नीट दिसावी म्हणून गुदाशय कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. क्वचित हा वायू पाठीमागच्या थरांतून वर चढत छाती-मानेपर्यंत पोचतो. मानेवर बोट दाबलं की कातडीखाली करकर जाणवते. ऑपरेशननंतर लगेच असं झालं तर बहुधा आपोआप जिरतं. घरी आल्यावर झालं, तर आतले टाके सुटल्याची ती खूण असू शकते. तडक हॉस्पिटल गाठा.

आणखी दोन दुर्मिळ खुणा लक्षात ठेवा. बायकांना योनीमार्गातून वायू किंवा मल येणं, हे लाजेपायी लपवलं जातं. कृपा करून लपवू नका. आणि काही आठवड्यांनी तापासोबत सुरू झालेली, हटत नसलेली कंबरदुखी. तिला वयाचं दुखणं म्हणून सोडू नका, मणक्यात जंतुसंसर्ग असू शकतो. डॉक्टरांना ऑपरेशनचं आवर्जून सांगा, त्यांच्या ते लक्षात येईलच असं नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट कधी मिळणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.