खरजेवर कडुलिंब-हळदीचा लेप कसा लावायचा आणि त्यावर कितपत विसंबायचं

रात्री अंथरुणात शिरलं की खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती बारीक पुळ्या दिसतात आणि घरात अजून कोणीतरी खाजवतंय, तर बहुतेक खरूजच. याचा बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, म्हणून नुसत्या साबणाने तो जात नाही.

लेपासाठी कडुलिंबाचा ताजा पाला चार भाग, ओली हळद एक भाग, दोन्ही स्वच्छ धुवून मिक्सरमधे गंधासारखं बारीक वाटा, पाणी अगदी जेमतेम. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस बघा, आग झाली किंवा लाल झालं तर तिथेच थांबा. नाहीतर मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावा, बेचकी, नखांच्या कडा, कंबरेच्या घड्या काही सोडू नका कारण फक्त पुळ्यांवर लावून काही होत नाही, सुकला की आंघोळ, आणि हे रोज करायचं. कपडे जुनेच घाला, हळदीचे डाग निघत नाहीत.

आता पुरावा. १९९२ मधे छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात ८१४ जणांना हाच लेप दिला होता, त्यातले ९७ टक्के ३ ते १५ दिवसांत बरे झाले असं नोंदवलंय. आकडा जबरदस्त आहे पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे माझ्या मते पर्मेथ्रिन (खरजेचा किडा मारणारं औषध) ५ टक्के क्रीम आजही जास्त भरवशाचं, तेही डॉक्टरांना विचारून.

काहीही लावा, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करा, खाज नसली तरी! चादरी-कपडे कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा, जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर ठेवा, अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो.

तान्ही बाळं, गरोदर बाई, पू झालेल्या पुळ्या किंवा ताप असेल तर लेपाच्या नादी लागू नका, थेट दवाखाना. आणि मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडची ट्यूब तर आणूच नका प्लीज, खाज दबते पण किडा आत वाढतच राहतो.

किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यात घाबरून परत लेप घासत बसू नका, नव्या पुळ्या येतायत का तेवढं बघा, येत असतील तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.